एक वळण खाली

थोरलीचं काम एका वाक्यात सांगायचं तर ती लेंड्या मोजायची. पाणमांजरांच्या. पाणमांजर स्वतः सहसा दिसत नाही. दिसलंच तर पाण्यावरून सरकणारी एक रेघ आणि रेघेच्या टोकाला मिशाळ डोकं, एवढंच. पण काठच्या ठरावीक दगडांवर ते रोज येतं आणि हजेरी लावून जातं. त्या हजेरीत माशांचे खवले असतात, खेकड्याच्या नांग्या असतात, आणि वास असा की नवख्या माणसाने दोन दिवस जेवू नये. ओली असेल तर आजची, काळी पण सुकलेली असेल तर आठवड्याची, पांढरी पडून बोटाने चुरा होत असेल तर जुनी. हे शास्त्र शिकण्यात थोरलीने एकोणीस वर्षं घातली होती. लग्नसमारंभात कुणी तिला "आपण काय करता?" असं विचारलं की धाकटी मध्येच तोंड घालायची, "आमची ताई नदीवर असते," आणि घाईघाईने विषय बदलायची.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी. दोघींत बारा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, त्यामुळे धाकटीच्या वेण्या घालण्यापासून तिच्याकडून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं थोरलीनेच केलं. पुढे तिला नदीवरही थोरलीनेच नेलं. धाकटीची नजर तीक्ष्ण होती. चिखलात उमटलेलं पाऊल कुत्र्याचं की पाणमांजराचं, हे ती थोरलीच्याही आधी ओळखायची आणि मग दिवसभर त्याची टिमकी वाजवायची.

शहर संपलं की नदी नऊ वळणं घेते. थोरलीच्या, नदीची जनावरं जपणाऱ्या संस्थेच्या नकाशावर त्या वळणांना एक ते नऊ असे आकडे दिलेले होते. संस्था म्हणजे तरी काय, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना चढताना नाकात रबराचा वास भरायचा. पहिल्या खोलीत चिटणीसांचं टेबल, दुसरीत थोरलीचं, आणि तिच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट, जे लाथ मारल्याशिवाय उघडत नसे. चिटणीस निवृत्त पोस्टमास्तर. माणूस देवासारखा, पण पाण्याला घाबरणारा. इतक्या वर्षांत ते दोनदा नदीवर गेले होते आणि दोन्ही वेळा चिखलात एकेक बूट ठेवून परत आले होते.

नऊ वळणांतलं सहावं हे खरं घर. तिथे एका म्हाताऱ्या झाडाची मुळं काठाबाहेर येऊन पाण्यात उतरली होती आणि त्या मुळांच्या आड बीळ होतं. बाकीच्या वळणांवर पाणमांजरं येत, खात, भांडत, निघून जात. पिल्लं मात्र सहाव्यालाच व्हायची. तिथली मादी गेली, की चार-पाच वर्षांत अख्खी नदी रिकामी होणार, हे समजायला फार डोकं लागत नव्हतं.

आता दोघी बहिणींनी केलेली लबाडी सांगायला हवी. थोरली कामाला लागून तीन वर्षं झाली होती. संस्थेने मोठ्या हौसेने एक अहवाल छापला. गुळगुळीत कागद, रंगीत नकाशा, आणि नकाशावर जिथे जिथे पाणमांजरांची बिळं होती तिथे लाल ठिपके. महिन्याभरात नेमक्या त्या ठिपक्यांच्या जागी सापळे लागले. कातड्यासाठी पाच पाणमांजरं मारली गेली. एका सापळ्यापाशी धाकटीला अहवालातल्या नकाशाच्या पानाची झेरॉक्स सापडली. एका ठिपक्याभोवती कुणीतरी बॉलपेनने गोल काढला होता.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघी दुसऱ्या खोलीत बसून होत्या. शेवटी थोरली म्हणाली, "यापुढे जे काही लिहायचं ते एक वळण खाली लिहायचं. सहाव्याला दिसलं, तर सातवं लिहायचं."

"आणि खरं कुठे लिहायचं?"

"कुठेच नाही. कागदावर आलं की बाहेर जातं. तुझ्या डोक्यात आणि माझ्या डोक्यात, बस."

"चिटणीस काकांना?"

"त्यांच्या पोटात काही राहतं का? परवाच्या परवा अख्ख्या बाजाराला कळेल."

तेव्हा धाकटी बावीस वर्षांची होती. तिने मान डोलावली. सातवं वळण या कामासाठी उत्तम होतं. उघडाबोडका काठ, गाळ, आणि एक पडकं पंपघर. तिथे बेडूकसुद्धा नाखुशीने राहायचा. पुढच्या सोळा वर्षांत सातव्या वळणावर दोनदा सापळे लागले आणि दोन्ही वेळा रिकामेच गंजले. त्या सापळ्यांचा फोटो काढताना दोघी बहिणी पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या. सरकारी दप्तरात, वार्षिक अहवालात, चिटणीसांच्या भाषणात, सगळीकडे सातवं वळणच गाजत राहिलं आणि सहाव्याला शांतपणे पिल्लं वाढत राहिली.

सहा वर्षांपूर्वी धाकटीने संस्था सोडली. तिला एका सल्लागार कंपनीत नोकरी मिळाली होती. कुठे रस्ता, पूल किंवा गोदाम व्हायचं असलं की त्याने झाडाझुडपांचं, जनावरांचं काय होईल याचा अहवाल ही कंपनी लिहून द्यायची. थोरलीला वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. आपलं माणूस तिकडे असलं तर बरंच आहे, असं ती चिटणीसांना म्हणाली होती.

मग एका सकाळी चिटणीस हातात जाडजूड फाइल घेऊन तिच्या खोलीत आले. चेहरा नुसता फुललेला.

"अहो बाई, आपल्या संस्थेचं नाव अकरा वेळा आलंय यात! अकरा वेळा! मी मोजलं."

नदीवर मालधक्का होणार होता. मोठ्या नावा लागतील असा दगडी काठ, मागे गोदामं, गोदामांपर्यंत रस्ता. त्यासाठी सहावं आणि सातवं अशी दोन वळणं पाहिली होती. थोरलीने चष्मा लावला आणि चिटणीसांनी खूण करून ठेवलेलं पान वाचलं. 'संस्थेच्या सोळा वर्षांच्या काटेकोर नोंदींनुसार पाणमांजरांचे प्रजननाचे बीळ सातव्या वळणावर आहे. सबब सातवे वळण टाळावे. सहाव्या वळणावर या काळात एकही बीळ नोंदलेले नाही. तेथे धक्का बांधण्यास हरकत नसावी.' आणि खाली अहवाल लिहिणाऱ्याची सही. ती सही थोरलीने पाटीवर गिरवून घेतलेल्या अक्षरांची होती.

तिने ते पान पुन्हा एकदा वाचलं. पण पुढच्याच क्षणी तिच्या मनात जे आलं, ते नंतर आठवून तिला स्वतःचीच चीड यायची. तिच्या मनात आलं, विसरली बिचारी. सहा वर्षं त्या काचेच्या इमारतीत बसून कुणाच्या लक्षात राहील? आता तिला कळलं की किती लाजेल ती! तिच्यावर रागवायचं नाही, असं ठरवूनच थोरली संध्याकाळी बहिणीच्या घरी गेली.

भाचीने दार उघडलं, "मावशी आली गं," असं ओरडून ती पुन्हा आपल्या खोलीत पळाली. धाकटी स्वयंपाकघरात चहा ठेवून भाजी चिरत होती.

"अगं, केवढा घोळ घातलायस तू, माहितीये?" थोरली हसतच म्हणाली. "अहवालात सहावं मोकळं आहे म्हणून लिहिलंस. एक वळण खाली! विसरलीस ना?"

धाकटीने सुरी खाली ठेवली. हात पुसले. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "विसरले नाही मी, ताई."

थोरलीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. ते कुठे ठेवावं ते तिला कळेना.

"कंपनीला सहावंच हवं होतं," धाकटी म्हणाली. "तिथे काठ टणक आहे, पाणी खोल आहे. सातव्याला नुसता गाळ. मला सांगितलं गेलं, नोंदी बघा आणि लिहा. मी नोंदी बघितल्या. त्यात जे आहे तेच लिहिलं. एक आकडा माझ्या पदरचा नाही. सगळं तुझ्या अक्षरात आहे, तुझ्या सहीनिशी."

"पण तुला माहीत होतं."

"मला माहीत असणं म्हणजे पुरावा नाही."

"अगं, पिल्लं आहेत आत्ता तिथे. दोन. दीड-दोन महिन्यांची. परवा मी आवाज ऐकलाय."

धाकटीने खिडकीकडे पाहिलं. "ताई, सोळा वर्षं सरकारला खोटं लिहून द्यायचं कुणी ठरवलं? तू. मला विचारलंस? बावीस वर्षांची पोर मी, तू म्हणालीस आणि मी मान हलवली. तेव्हा खोटं चाललं. आता तेच कागद मी जसेच्या तसे वापरले, तर मी वाईट?"

"ते त्यांना वाचवायला होतं!"

"ते मला माहितीये. बाहेर कुणाला माहितीये? धक्क्याच्या जाहीर सुनावणीत उठून हे बोललीस ना, तर तुझीच सगळी वर्षं मातीत जातील. म्हणून सांगते, गप्प राहा. नदी मोठी आहे. पाणमांजरं दुसरीकडे जातील."

"आणि तुला विचारलं तर?"

"मला कशाला विचारतील?"

"विचारलं तर खरं सांगशील की नाही, एवढंच सांग."

धाकटीने चहा गाळला, कप तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "घे, गार होतोय." थोरलीने तो चहा प्यायला. काय म्हणून प्यायला कोण जाणे. पण घरी परतताना तिने मनाशी पक्कं धरलं होतं की आपल्यासमोर काही बोलली तरी चारचौघांत ही पोरगी आपल्याला तोंडघशी पाडणार नाही. आपण वाढवलंय तिला.

सुनावणी नगरभवनाच्या मोठ्या दालनात होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, करकरणारे पंखे, आणि एक माइक, जो दर दोन मिनिटांनी शिट्टी मारायचा. सुनावणी अधिकारी सर्दीने बेजार झाले होते. कंपनीचे वकील पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी धाकटी. थोरलीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा चिटणीसांनी कौतुकाने टाळी वाजवली. बिचाऱ्यांना अजूनही काहीच माहीत नव्हतं.

थोरलीने सगळं सांगितलं. अहवाल, लाल ठिपके, पाच कातडी, एक वळण खाली. दालनात कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण हसले. चिटणीसांचा चेहरा पाहवत नव्हता.

वकील उठले. "म्हणजे सोळा वर्षं तुम्ही सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती दिलीत?"

"हो."

"मग तुमच्या म्हणण्याप्रमाणे सातव्या वळणावर काय आहे?"

"काही नाही. कधीच नव्हतं."

"हे तुम्ही शपथेवर सांगताय?"

"शपथेवर."

"आणि सोळा वर्षं खोटं बोललेल्या बाई आजच खरं बोलताहेत, हे आम्ही कशावरून मानायचं?"

अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, "बाई, ही तुमची पद्धत आणखी कुणाला ठाऊक होती का?"

"माझ्या बहिणीला. ती इथेच बसली आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटी उभी राहिली. हातातली फाइल तिने छातीशी धरली होती, शाळेत कविता म्हणायला उभी राहायची तशी. थोरली तिच्याकडे बघत होती. एक 'हो' पुरेसा होता. एक 'हो' आला असता, तर नोंदी एकेक वळण वर सरकवून वाचल्या गेल्या असत्या आणि कुणालाही नदीवर जावं लागलं नसतं.

"नाही, साहेब," धाकटी म्हणाली. "मला असं काहीही माहीत नाही." मग आवाज मऊ करून तिने आणखी सांगितलं, "ताईनं फार कष्ट घेतलेत. एकटीनं. अलीकडे तिला जरा... दगदग सोसत नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. नुसतं 'नाही' म्हणाली असती तर थोरलीने ते एक वेळ गिळलं असतं. नोकरी आहे, लेकरू आहे, घाबरली असेल. पण त्या 'नाही'वर तिने जी मायेची साय पसरली, त्या सायीने थोरलीचं काळीज फाटलं. दालनातले लोक आता तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहत होते. शेजारच्या बाईंनी तर पाण्याची बाटली पुढे केली.

"मी दाखवते," थोरली म्हणाली. आवाज इतका चढा निघाला की माइकने शिट्टी मारली. "साहेब, मी तुम्हाला सहाव्या वळणावर नेऊन बीळ दाखवते. आत्ता. पण फक्त तुम्हाला."

अधिकारी बरा माणूस होता, पण नियमाला बांधलेला. "जाहीर सुनावणी आहे, बाई. जे मला दाखवाल ते सगळ्यांना बघायचा हक्क आहे."

थोरली माइकपाशी उभी होती. सोळा वर्षं तिने ज्या जागेचा आकडा कागदावरसुद्धा येऊ दिला नव्हता, ती जागा आता चाळीस माणसांना बोट करून दाखवायची होती. न दाखवावी तर महिन्याभरात यंत्रं येणार. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी खाली वाकून फाइलचा बंद बांधत होती.

"चला," थोरली म्हणाली.

दुपारचं ऊन होतं. चाळीस माणसं, दोन वार्ताहर, आणि कुणाचं कोण ते न विचारता आलेले दहा-बारा जण. ती सांगत होती, बोलू नका, फोन बंद करा, एका रांगेत चाला. लोक सहलीला निघाल्यासारखे निघाले होते. कुणाचा पाय घसरला की हशा. एकाच्या फोनवर लग्नातलं गाणं वाजलं. चिटणीस मात्र गुपचूप चालत होते. या वेळी दोन्ही बूट गेले तरी त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

सहाव्या वळणावर तिने अधिकाऱ्यांना दगड दाखवले. ताजी हजेरी, त्यात चमकणारे खवले. अधिकाऱ्यांची सर्दी अशी की त्यांना वास आला नाही. बाकीच्यांनी मात्र नाकं दाबली. चिखलात पावलांचे ठसे होते, आईचे आणि त्यांच्यामागे बोटाच्या पेराएवढे चिमुकले. तिने मुळांमागचं बीळ दाखवलं. कारकुनाने लिहून घेतलं. वार्ताहर गुडघ्यांवर बसून फोटो काढायला लागले, आणि आतून चिवचिवाट सुरू झाला.

मग मादी बाहेर आली. थोरलीला ती ओळखत होती, निदान थोरलीला तसं वाटायचं; ती काठावर बसली असली तरी मादी खुशाल मासे खायची. आज तिने थोरलीकडे आणि तिच्यामागच्या गर्दीकडे एकदा पाहिलं. एका पिल्लाला मानेशी धरून ती पाण्यात शिरली आणि प्रवाहाबरोबर खाली निघून गेली. लोकांनी 'अरे अरे' करत टाळ्या वाजवल्या. बऱ्याच वेळाने ती दुसऱ्या पिल्लासाठी परत आली, तेव्हा अर्धे लोक मुळांवर चढून उभे होते. ती तीनदा जवळ येऊन वळली. चौथ्यांदा तिने पिल्लू उचललं आणि गेली. थोरली हात जोडून लोकांना मागे व्हायला सांगत होती. कुणी ऐकत नव्हतं.

"बाई, तुमचा शब्द खरा ठरला," अधिकारी म्हणाले. त्यांना वाटलं, ती आनंदाने रडतेय.

आठवड्याभरात आदेश निघाला. सहाव्या वळणावर बांधकामाला बंदी. खोट्या नोंदींमुळे सल्लागार कंपनीची दिशाभूल झाली, त्यात अहवाल लिहिणाऱ्या बाईंचा दोष नाही. संस्थेच्या नोंदी यापुढे कुठल्याही कामी ग्राह्य धरू नयेत. आणि शेवटी, मालधक्का सातव्या वळणावर बांधण्यास परवानगी. तेथे बीळ नसल्याचे संस्थेच्या प्रतिनिधींनी स्वतः शपथेवर सांगितले आहे.

चिटणीस तिच्या खोलीत आले. नकाशाकडे पाठ करून उभे राहिले. "सोळा वर्षं, बाई," ते म्हणाले. "मी भाषणं केली हो सातव्या वळणावर. मला सांगितलं असतंत तर काय झालं असतं?" तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तिनेही सोळा वर्षं फसवलंच होतं. त्यांनी कपाटाची किल्ली मागितली, तिने दिली.

तरी ती रोज नदीवर जात राहिली. सहाव्याच्या दगडांवरची हजेरी सुकली, मग पांढरी पडली. मुळांपाशी आता माणसांचा राबता होता. फोटो पाहून लोक पोराबाळांना घेऊन यायचे. बिळाच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं आणि ते कुणी मोडत नव्हतं. तिने पाचवं, चौथं, आठवं, नववं सगळं पालथं घातलं. सातव्याला ती गेलीच नाही. तिथे काही नसतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सुनावणीनंतर पंचविसाव्या दिवशी घरी परतताना ती सातव्यावरून आली, वाट जवळची पडते म्हणून. पडक्या पंपघराच्या पायरीवर काळं काहीतरी चमकत होतं. ती खाली बसली. ओली. आजची. पंपघराखाली जिथे पाइप आत जातो तिथे चिखलात पावलं होती, आईची आणि तिच्यामागे चिमुकली. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. चिमुकली पावलं एकाच पिल्लाची होती.

दुसरं कुठे गेलं असेल, हे तिने स्वतःला विचारू दिलं नाही. जिवंत आहेत, आई आहे, एक पिल्लू आहे, या आनंदात ती पायरीवर बसून राहिली. मग तिची नजर पंपघराच्या भिंतीकडे गेली. भिंतीवर लाल रंगाने मोठी फुली मारलेली होती. आखणी झाली होती.

ती तशीच, चिखलाच्या चपलांनी अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेली. अधिकारी बदलून गेले होते. कारकुनाने तिला ओळखलं आणि हसू दाबलं.

"परवा सहावं, आज सातवं. बाई, उद्या आठवं का?"

तिने फोनवरचा फोटो दाखवला. कारकून म्हणाला, "ही पायरी कुठलीही असू शकते. आणि तिथे काही नाही, हे तुम्हीच शपथेवर सांगितलंत ना? माझ्याच हातचं आहे ते. आता सोमवारी यंत्रं येताहेत."

"या, मी दाखवते," हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण पुन्हा चाळीस माणसं, पुन्हा टाळ्या, आणि मादीने ते उरलेलं एक पिल्लू तोंडात धरून जायचं तरी कुठे? तिने फोन पिशवीत टाकला आणि ती बाहेर पडली.

जगात एकच माणूस होतं ज्याला हे दाखवावं लागणार नव्हतं, नुसतं सांगितलं तरी पटणार होतं. सुनावणीनंतर थोरली तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. भाचीच्या वाढदिवसालाही गेली नव्हती. कचेरीच्या पायऱ्यांवर उभं राहून तिने फोन लावला.

"मी बोलतेय."

"बोल ना, ताई." आवाजात जराही नवल नव्हतं.

"ती सातव्याला आलीय. पंपघराखाली."

पलीकडे कुणाच्या तरी टाइपण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"लेंडी ओली होती?"

"ओली. खेकड्याची नांगी होती आत."

"पावलं?"

"आईची. आणि एका पिल्लाची."

"एकाच?"

"एकाच."

एवढे तीन प्रश्न ऐकून थोरलीच्या मनात वेडी आशा जागी झाली. अगदी असेच प्रश्न ती बावीस वर्षांची असताना विचारायची, चिखलात उकिडवी बसून.

"सोमवारी यंत्रं येताहेत," थोरली म्हणाली. "माझ्यावर आता कुत्रंही विश्वास ठेवणार नाही. तुझ्या सहीला अजून किंमत आहे. नुसतं एक पत्र लिही. 'पुन्हा पाहणी करावी,' इतकंच. आधीचं मी काही काढणार नाही. कुणापुढे काढणार नाही, शपथ घेते."

"ताई, तो आदेश तुझ्या शपथेवर निघालाय. मी निर्दोष ठरलेय त्यात."

"म्हणून तर तुला सांगतेय. मी खोटं बोलत नाहीये गं. तुझ्याशी कधी बोलले?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तू खरंच बोलतेयस. माहीत आहे मला."

आणि तिने फोन ठेवला.